मालिनीकाकूंचा रविवारचा फोन

"कुलूप असलं म्हणून काय झालं? तरी फोन लागतो."

मी मान वळवून बघितलं. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधलं परसूभाईंचं दुकान एवढंसं, की तिसरा माणूस आत आला तर पहिल्याने बाहेर जावं. एका स्टुलावर मी बसले होते, मांडीवर आमच्या घरचा हिरवा डायलचा फोन घेऊन. दुसऱ्या स्टुलावर हा बसला होता. निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि हातात कानाच्या मशीनमध्ये घालतात तसल्या बारक्या बॅटऱ्यांची पाकिटं. न विचारता सल्ला देणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. त्यात तो हसरा असला की जास्तच.

"तुम्हाला कोणी विचारलं?" मी म्हटलं.

"नाही. पण तुम्ही परसूभाईंना कुलूप तोडायला सांगत होता. वाईट वाटलं."

कुलूप म्हणजे डायलच्या भोकात अडकवलेलं, करंगळीच्या नखाएवढं पितळी कुलूप. बाबांनी ते लावलं होतं, पाहुण्यांनी परस्पर ट्रंककॉल लावू नयेत म्हणून. किल्ली कधीच हरवली. मी अंबरनाथच्या एका शाळेत चौथीला शिकवते. स्नेहसंमेलनात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं, त्यासाठी मी हा फोन एक दिवस वर्गात नेला होता. पोरांनी काय करावं? डायलच्या भोकांतून आतले आकडे बोटाने दाबले! बटण समजून. मग एकाने विचारलं, "टीचर, ह्याचा चार्जर कुठंय?" तेव्हाच ठरवलं की ह्याची निदान घंटा तरी वाजली पाहिजे.

"बरं," मी फोन त्याच्यापुढे सरकवला. "दाखवा लावून."

त्याने रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि खालच्या दोन पांढऱ्या बटणांवर बोटाने टिचक्या मारायला लागला. "सहाला सहा टिचक्या, शून्याला दहा. मध्ये जरा थांबायचं."

टप टप टप... थांब. टप टप... मी मोजत होते. मास्तरीणच, मोजल्याशिवाय राहवत नाही. तिसऱ्या आकड्याला मला कसंतरी झालं. पाचव्याला तोंड उघडं पडलं. हरवलीस तर पोलिसाला हा नंबर सांगायचा, म्हणून आईने बालवाडीत माझ्याकडून घोकून घेतलेला नंबर होता तो.

"हा आमच्या घरचा नंबर आहे!"

"माहितीये." त्याने रिसीव्हर खाली ठेवला. "माझ्या शाळेच्या सगळ्या फॉर्मवर हाच होता. पुढे फक्त पी.पी. लिहायचं."

तरुण वाचकांना हे पी.पी. प्रकरण सांगायला हवं. पूर्वी फोनसाठी अर्ज केला की नंबर यायला वर्षं लागायची. तोवर लोक शेजाऱ्यांचा नंबर द्यायचे आणि पुढे पी.पी. लिहायचे. म्हणजे फोन आमचा नाही, कृपया बोलावून घ्या. आमच्या फोनवर अशी सात घरं होती. समोरचा माणूस फोन करून म्हणायचा, "अमक्यांना जरा बोलावून ठेवा, दहा मिनिटांनी परत करतो." मग घरातलं लहान पोर पळत जाऊन निरोप द्यायचं. आमच्या घरातलं लहान पोर म्हणजे मी.

"तू... राजसी ना?" त्याने आता हळूच विचारलं. "मी पुष्कर. तुमच्या बिल्डिंगमागच्या चाळीतला. मालिनीबाईंचा मुलगा."

मी फोनची वायर गुंडाळायला लागले.

त्याला वाटलं मी आनंदाने गप्प झाले. "परसूभाई, किती दिवस लागतील?" त्याने विचारलं.

"दो दिन, साईं. अंदर की वायर सड गई है. मंगलवार को ले जाओ. घंटी ऐसी बजाऊँगा ना, पूरा कॅम्प उठके बैठेगा!"

"मंगळवारी मी येणारच आहे इकडे माल घ्यायला," पुष्कर मला म्हणाला. "आणून देतो घरी. पत्ता नको सांगूस. पाठ आहे."

नको म्हणायला हवं होतं. मी "चालेल" म्हटलं. त्याच्या गालाला हसताना एका बाजूलाच खळी पडत होती, आणि तेहेतीस वर्षांच्या, बावीस स्थळं नाकारलेल्या बाईलाही खळी दिसते हो.

ते नाव ऐकून मी का हबकले, ते सांगते. आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

पुष्करचे बाबा, शिवरामकाका, मस्कतला एसी बसवण्याच्या कामावर होते. दर रविवारी अकराला त्यांचा फोन यायचा. मी दोन जिने उतरायची, चाळीतल्या शेवटून दुसऱ्या दारात उभी राहून ओरडायची, "काकू, मस्कत!" काकू पदर सावरत यायच्या, आमच्या सोफ्याशेजारी जमिनीवर बसायच्या. दुसरी घंटा झाली की बाबा टीव्हीचा आवाज बारीक करायचे. सौजन्य म्हणून हं. पण त्यामुळे काकूंचा शब्द न् शब्द सगळ्यांना ऐकू यायचा. त्या बिचाऱ्या काय बोलणार? "हो. बरी आहे. पोरगा बरा आहे. तुम्ही जपा." संपलं.

मी नऊ वर्षांची होते. मे महिना, दुसऱ्या दिवशी मावशीचं लग्न. माझ्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत ओली मेंदी. आई-बाबा बाजारात गेलेले. अकराला घंटा वाजली. मी दोन्ही मनगटांच्या चिमटीत रिसीव्हर धरून उचलला.

"बाळा, शिवराम बोलतोय. मालिनीला बोलावून ठेवतेस? दहा मिनिटांनी करतो परत."

मी हातांकडे बघितलं. चपलेचा पट्टा लावता येणार नव्हता. खाली ऊन मी म्हणत होतं. चाळीपुढे पोरं क्रिकेट खेळत असणार आणि मी बुजगावण्यासारखे हात पसरून आलेली बघून फिदीफिदी हसणार.

"काका, त्यांच्या घराला कुलूप आहे," मी म्हटलं.

"कुलूप? आज?" पलीकडे जरा वेळ नुसती खरखर. "बरं, बाळा."

बस. एवढंच. त्या दिवशी परत फोन आला नाही. साडेअकराला काकू आपणहोऊन वर आल्या. उशीर झाला की यायच्या तशा. छान साडी नेसून आल्या होत्या. एक वाजेपर्यंत जमिनीवर बसून राहिल्या. आई आली, तिने चहा दिला. मी शेजारी हात पसरून बसले होते आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. मेंदी मात्र फार सुरेख रंगली.

पुढच्या रविवारी काका बोलले ते दोनच मिनिटं. काकू "बरं" म्हणाल्या, पुन्हा एकदा "बरं" म्हणाल्या आणि रिसीव्हर ठेवून गेल्या. आई रात्री बाबांना सांगत होती, तो मस्कतच्या कामावर अजून दोन वर्षांची सही करून बसलाय म्हणे. वर्षभरात काकूंनी चाळीतली खोली सोडली आणि बदलापूरला भावाकडे गेल्या. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध होता का, ते मी कधी विचारलं नाही. विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं.

आणि आता त्या बाईंचा मुलगा मंगळवारी आमच्या घरी येणार होता!

तो आला. आईने दारातच ओळखलं. "अगं बाई, पुष्कर! केवढा झालास! बस बस, सोफ्यावर बस."

तो बसला. हाताने सोफ्याचं कापड चाचपून हसला. "काकू, ह्या सोफ्यावर मी पहिल्यांदाच बसतोय."

आई चहाचं आधण ठेवायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ आतच राहिली. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला असावा.

त्याने फोन टेबलावर ठेवला. लाइन तर कधीच बंद झालेली. परसूभाईंनी आत सेल आणि मागे एक बटण बसवून दिलं होतं. पुष्करने बटण दाबलं. घंटा अशी खणखणली की आई पळत बाहेर आली. माझ्या अंगावर काटा आला. बाबा दोन हातांच्या अंतरावर खुर्चीत बसले होते, पेपर उघडून. त्यांनी मान वर केली नाही.

पुष्करने बटण सोडलं. मी, आई, तो... तिघं बाबांकडे बघत होतो. बाबांनी पेपरवरून आमचे चेहरे पाहिले.

"वाजला का?" त्यांनी विचारलं.

माझे बाबा, विष्णुपंत, कारखान्यात अधिकारी होते. कानाच्या मशीनचं नाव काढलं की "मी काय म्हातारा झालोय?" म्हणून अंगावर यायचे. टीव्ही एवढ्या मोठ्याने लावायचे की समोरच्या बिल्डिंगला फुकटात बातम्या. पुष्करचं बदलापूरला कानाच्या तपासणीचं छोटं क्लिनिक होतं, हे त्याने आल्याआल्याच सगळ्यांना सांगितलं होतं; त्या बॅटऱ्या त्यासाठी होत्या. पण तो बाबांना मशीनबद्दल अवाक्षर बोलला नाही. त्यांच्याजवळ खाली बसला आणि स्पष्ट, सावकाश म्हणाला, "वाजला काका. छान वाजला. माझ्या आईने ऐकला तर रडेल."

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "तुझं दुकान किती वाजता उघडतं?"

तिथे मी घसरले. साफ.

त्यानंतर बाबांना घेऊन मी दर शनिवारी बदलापूरला जायला लागले. मशीन कानाला जुळायला चार-सहा फेऱ्या लागतात. आम्हाला अकरा लागल्या. बाबांच्या कानाचा दोष नव्हता त्यात.

"आज काय झालं मशीनला?" पुष्कर विचारायचा.

"शिट्टी वाजते."

"कधी?"

"अं... अधूनमधून."

"म्हणजे शनिवारी सकाळी?" तो इतक्या गंभीरपणे विचारायचा की मला ओठ चावावा लागायचा. त्याच्या टेबलावर माझ्यासाठी आल्याचा चहा आधीच आलेला असायचा, साखर कमी. मी एकदाच बोलले होते ते, आणि तेही बाबांशी. थंडीचे दिवस होते. बदलापुरात अंबरनाथपेक्षा जरा जास्तच बोचतं. एकदा मी शाल विसरले, तर त्याने आपलं जॅकेट काढून दिलं आणि स्वतः दिवसभर शिंकत बसला.

"शहाणपणा कोणी सांगितला होता?" मी खेकसले.

"तू रागावतेस तेव्हा फार छान दिसतेस, हे सांगू की नको?"

"नको."

"बरं, नाही सांगत."

"आता मला सगळं ऐकू येतं," बाबा बाकावरून पेपर न हलवता म्हणाले. "सांगून ठेवलेलं बरं."

आम्ही दोघंही लाल. पण त्या रात्री घरी आल्यावर मला झोप नाही. तो मला जितका आवडत होता तितकी माझी मेंदी डोळ्यांपुढे यायची. त्याच्या बोलण्यात आई सारखी यायची. आई अशी, आई तशी, बाबा दूर होते तेव्हा आईने कसं निभावलं... मी "हो का" म्हणायची आणि विषय बदलायची. सांगावं तर हा जाणार. न सांगावं तर त्या बाईंच्या पाया कुठल्या तोंडाने पडायचं? इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, तिथे मी येऊन उभी होते. आणि विहीर मीच खणलेली.

फेब्रुवारीतला एक शनिवार. बाबांना सर्दी झाली म्हणून ते आले नाहीत. मशीन न घेता मी एकटीच गेले, ह्यावरून काय ते समजा. क्लिनिकमध्ये कोणी नव्हतं.

"आज कोणाची तपासणी?" पुष्करने विचारलं.

"माझी करा."

तपासणीची खोली म्हणजे कपाटाएवढी काचेची पेटी. आत गेलं की बाहेरचं जग मिटतं. कानाला मोठे हेडफोन, हातात एक बटण. काचेपलीकडे तो मशीनसमोर बसलेला.

"बीप ऐकू आला की बटण दाब," त्याचा आवाज थेट कानात आला. इतका जवळून त्याला मी कधी ऐकलं नव्हतं. छातीत धडधडायला लागलं, तेही त्याला मशीनवर दिसेल की काय अशी भीती.

बीप. दाबलं. बीप... दाबलं. आवाज बारीक बारीक होत गेला. मी डोळे मिटले. मग बीप येईना. खूप वेळ काहीच नाही. आणि मग, ऐकू येईल न येईल अशा आवाजात—

"राजसी... माझ्याशी लग्न करशील?"

मी डोळे उघडले. तो मान खाली घालून मशीनची चकती धरून बसला होता. अगदी तळाला फिरवलेली चकती. माझ्या अंगठ्याखाली बटण होतं. एक दाब, की झालं! किती वर्षांनी मला काहीतरी एवढं हवंसं वाटलं होतं.

मी बटण खाली ठेवलं.

"पुष्कर, आधी मला काहीतरी सांगायचंय," मी आतल्या माईकमध्ये म्हटलं. त्याच्याकडे बघायची हिंमत नव्हती. मेंदीपासून सुरुवात केली ते "बरं, बाळा" पर्यंत सगळं सांगितलं. काकू एक वाजेपर्यंत बसल्या होत्या तेही. "मी खोटं बोलले. तुमच्या घराला कुलूप नव्हतं. तुझे बाबा दोन वर्षं आले नाहीत ते कदाचित माझ्यामुळे... मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही."

मग त्याचा आवाज आला.

"मी जिन्यात होतो."

"काय?"

"दर रविवारी मी आधीच येऊन तुमच्या मजल्याच्या वरच्या जिन्यात, तुला दिसणार नाही असा, पायरीवर बसायचो. घंटा पहिली मला ऐकू यायला हवी म्हणून. त्या दिवशीही होतो. दार उघडं होतं तुमचं. 'कुलूप आहे' म्हणालीस ते ऐकलं. दारापर्यंत येईतो तू फोन ठेवला होतास."

मी हेडफोन ओढून काढले, दार ढकललं आणि बाहेर आले. "म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं? परसूभाईंच्या दुकानात? आणि हे तीन महिने तू माझी परीक्षा बघत होतास?"

"नाही गं. मला वाटलं तू विसरलीस. विसरली असतीस तरी विचारणारच होतो." तो उठून उभा राहिला. "दहावीपर्यंत फार राग होता तुझा. खोटं कशाला बोलू? तुझं लग्न मोडावं असंसुद्धा वाटायचं."

"बावीस वेळा मोडलं," मी रडत रडत म्हटलं.

त्याला हसू आलं, पण टिकलं नाही. "तू एक मिनिट खोटं बोललीस, राजसी. नऊ वर्षांची होतीस. मी तर अजूनपर्यंत गप्प बसलोय. आई त्या दिवशी वरून खाली आली, तिचा चेहरा मी बघितला, आणि मी टाकीच्या मागे जाऊन बसलो. सांगितलं असतं तर ती तुमच्याकडे भांडायला आली असती. आणि भांडण झालं असतं तर फोन गेला असता. चाळीत सगळ्या पोरांना ताकीद असायची, फोनवाल्यांशी वाकडं घ्यायचं नाही."

ज्या घरात फोन होता त्या घरात मी वाढले. हे मला कधी सुचलंच नव्हतं.

"तुझ्या आईला सांगायला हवं," मी म्हटलं.

"ती नाही म्हणाली तर?"

"तर नाही." माझा आवाज फुटला. "लपवून नाही यायचं मला तुझ्या घरात."

त्याने माझे दोन्ही हात धरले. माझ्या तळव्यांकडे बघत राहिला, आणि मग कपाळ त्यावर टेकवलं. किती वेळ ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी त्यांच्या घरी गेले. बदलापूर पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, गॅलरीत गवती चहाची कुंडी. काकूंचे केस पांढरे झाले होते, पण पदर सावरायची लकब तीच. शिवरामकाका खुर्चीत बसून वाटाणे सोलत होते.

"ये गो ये! विष्णुपंतांची ना तू? काय बारीक होतीस!" काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला. मला तो हात सहन होईना.

"काकू, आधी मी बोलते. मग तुम्ही मला बस म्हणायचं की नाही ते ठरवा."

मी उभ्यानेच सांगितलं. कालच्यापेक्षा कमी शब्दांत. माझं झाल्यावर पुष्कर म्हणाला, "आई, मी जिन्यात होतो. मला माहीत होतं." काकांचे हात वाटाण्यांवर थांबले.

काकू माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या काकांकडे बघत होत्या.

"तुम्ही फोन केला होता?"

"केला होता ना," काका म्हणाले. "तू घरात नव्हतीस."

"मी घरातच होते! सकाळपासून. अबोली साडी नेसून. तुम्हीच पाठवलेली."

"पण पोरगी म्हणाली कुलूप..." काकांनी माझ्याकडे बघितलं, परत बायकोकडे बघितलं. "मला वाटलं, माहेरी गेलीस. म्हटलं, आठवड्याचा एक रविवार, तोसुद्धा हिला थांबवत नाही. मग कशाला जायचं घाई करून? सोमवारी शेठने कागद पुढे केला, केली सही."

"आणि मला वाटलं," काकूंचा आवाज चढला, "ह्यांना सहीचं मला विचारायचंच नव्हतं, म्हणून फोन चुकवला. पुढच्या रविवारी सरळ 'सही केली' म्हणून मोकळे. मी काय बोलणार? चार माणसं बसलेली तिथे, टीव्ही बंद करून!"

"अगो, मलापण ते सगळं ऐकू यायचं. म्हणून मीपण काही बोललो नाही."

"दोन वर्षांनी आलात तेव्हा तरी विचारायचं."

"विचारणार होतो." काकांनी खाली बघितलं. "पण विमानतळावर तू अशी वाळून गेलेली दिसलीस... मग काय विचारायचं?"

खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होईना, तिचाच आवाज. इतकी वर्षं एका घरात राहून, एक पोर वाढवून, ही दोन माणसं एकमेकांवर रुसून होती. आणि ते माझ्या मेंदीच्या हातांनी झालं होतं. मला वाटलं होतं माझा अपराध दोन वर्षांचा आहे.

काकू उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी पर्स उचलली. पुष्करने अडवलं नाही, पण त्याचा चेहरा मला बघवेना.

"थांब गो," आतून हाक आली. मी दारात गेले. काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, आमटी ढवळत.

"मला तुझा राग आलाय. खूप आलाय."

"हो, काकू."

"आज जाणार नाही तो. उद्यापण येईल, सणासुदीला येईल. कधीपण येईल." त्यांनी डोळे पुसले. "तो काय मी बदलापूरहून अंबरनाथला पाठवत बसू? तुला इथंच येऊन सोसायला लागेल. ह्याच घरात. समजलं?"

मला समजायला जरा वेळ लागला. मागे उभ्या पुष्करला आधी समजलं. त्याने माझा खांदा इतका घट्ट धरला की दुखला. मी वाकून काकूंच्या पायांना हात लावला तर त्या म्हणाल्या, "ते पुढच्या पुढे. आधी पाटपाणी घे."

तेवढ्यात काका उठून आले. वाटाण्याची ताटली अजून हातातच होती. मी मागे सरले होते, दारात आम्ही दोघं, त्यांना आत जायला वाट नाही. त्यांनी आमच्यामधूनच वाट काढली आणि ओट्यापासून दोन पावलांवर थांबले.

"मालिनी."

"काय?"

"त्या रविवारी एक विचारायचं होतं." सत्तरीचा माणूस, ताटलीची कड चाचपत होता. "म्हणजे... सही न करता, सगळं सोडून... येऊ का घरी?"

काकूंचा हात थांबला. आमटी उकळत राहिली. त्या वळल्या नाहीत, पण त्यांचे खांदे हलायला लागले.

"या ना," त्या म्हणाल्या. "मी बसलेय केव्हाची."

पुष्करने माझा हात धरून मला मागे ओढलं. आम्ही दोघं गॅलरीत गेलो आणि बाहेरून दार घट्ट लावून घेतलं.